हिरो नालायक असला तरी वाचायचा का?

खिडकीजवळचा (धागाकर्ता)

मंडळी, भाच्याने एक प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

भाचा नववीत आहे. ठाण्याला राहतो, सुट्टीत आमच्याकडे दादरला येतो. सिनेमातला स्पायडरमॅन त्याला तोंडपाठ, म्हणून या वेळी कपाटातला 'सुपीरियर स्पायडर-मॅन'चा पहिला खंड त्याच्या हातात दिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा ७०० वा अंक २०१२ च्या शेवटी आला. स्पायडरमॅनचा जुना शत्रू, मरायला टेकलेला डॉक्टर ऑक्टोपस त्यात पीटर पार्करच्या शरीरात शिरतो आणि पीटर त्याच्या खंगलेल्या शरीरात अडकून मरतो. त्यानंतर दीड वर्ष स्पायडरमॅनच्या पोशाखात हा ऑक्टोपस. पीटरपेक्षा शिस्तीचा, कामात पक्का आणि भयंकर गर्विष्ठ. शहरभर छोटे यांत्रिक कोळी सोडून लोकांवर नजर ठेवतो. शरण आलेल्या खुन्याला गोळी घालतो. अर्धवट राहिलेली पीटरची डॉक्टरेट मात्र पूर्ण करतो!

भाचा दुपारभर वाचत होता. संध्याकाळी खंड माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "मामा, हा नालायक आहे. मी याच्या बाजूने का वाचू?"

मी म्हटलं, पुढे बदलतो. तो म्हणाला, "मग बदलेल तेव्हा सांग."

गेली दहा-बारा वर्षं मला धरून ठेवणारी सुपरहिरो कॉमिक्स आठवली तर त्यातले निम्मे हिरो असे आहेत की आमच्या सोसायटीत राहायला आले तर मी त्यांना जिन्यात टाळेन. तरी मी ती वाचतो, पुन्हा वाचतो. माझ्यापुरतं उत्तर असं आहे: हिरो आवडला नाही तरी चालतं, पण त्याची चूक गोष्टीला दिसत असली पाहिजे. गोष्टच त्याच्यावर भाळलेली असेल तर मी पुस्तक मिटतो. पण हे नववीतल्या मुलाला पटेना. तुम्ही काय सांगाल? आणि तुम्ही स्वतः असा हिरो किती अंक सहन करता?

अर्धा_चहा

रुमाल टाकून ठेवतो. सुटलो की घाटकोपरहून लिहितो.

रद्दीतला_खजिना

भाच्याशी पूर्ण सहमत, आणि मी साठी ओलांडलेला माणूस आहे.

गिरगावात आमच्या चाळीच्या जिन्याखाली एकाने लायब्ररी थाटली होती. दिवसाला दहा पैसे. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला सुरू झाली, टाइम्स ऑफ इंडियावाल्यांची, म्हणजे आमच्यापासून चालत जावं इतक्या जवळून निघायची. वेताळाचा, म्हणजे इंग्रजीतल्या 'फँटम'चा, नवा अंक आला की जिन्यावर रांग लागायची आणि मागचा पुढच्याच्या खांद्यावरून वाचायचा. त्या वेताळात खोट नव्हती. दिलेला शब्द मोडत नसे, दुबळ्याला मारत नसे, ज्याच्या हनुवटीवर ठोसा बसला त्याच्या तोंडावर कवटीची खूण कायमची. आम्हाला तेवढं पुरत होतं.

दिवसभर ऑफिसात उद्धट माणसं, गाडीत ढकलणारी माणसं. रात्री दिव्याखाली कॉमिक उघडल्यावर त्यातही तसलाच माणूस का बघायचा? मला कोणीतरी चांगला हवा असतो. यात काही चुकत असेल असं मला वाटत नाही.

निळी_छत्री

काका, तुमचं चुकत नाही. पण वेताळात खोट नव्हती हे मला मान्य नाही.

बाबांनी जपलेला गठ्ठा मीही वाचलाय. एक गोरा माणूस जंगलात कवटीच्या सिंहासनावर बसलाय, भोवती सगळ्या टोळ्या, आणि त्यांचा न्याय पिढ्यान् पिढ्या तोच करणार. या एकविसाव्या वेताळाला तिथं कोणी निवडून दिलं? मूळ इंग्रजी पट्टीत त्याच्या घराण्याचे शत्रू असलेले चाचे 'सिंग' होते. इथं छापताना ते 'सिंगा' झाले, कारण आपल्याकडे ते नाव तसंच ठेवणं कोणालाच रुचलं नसतं. म्हणजे खोट होती आणि छापणाऱ्यांना दिसलीही होती. गोष्टीला तेवढी दिसत नव्हती.

आणि खिडकीजवळचा, तुमची कसोटी इथं बरोबर लागू पडते. आजचा नालायक हिरो मला परवडतो, कारण तो नालायक आहे हे लेखक माझ्यापासून लपवत नाही.

रद्दीतला_खजिना

छत्रीताई, हे मी पन्नास वर्षांत या बाजूने पाहिलं नव्हतं. वेताळ माझा अजूनही आवडता आहे, पण आज रात्री एक अंक काढून पुन्हा बघतो.

एक मात्र नोंदवतो. त्याच इंद्रजालमध्ये १९७६ ला आबिद सुरतींचा बहादूर आला. दरोडेखोराचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेलेला, आणि सुरुवातीला याच्या डोक्यात सूड. तो आम्हाला भावायचा. त्यामुळे दोष असलेला हिरो आम्हाला अगदीच परका होता असं नाही.

भांडुप_कमांडो

धाग्यात डोगा अजून कसा नाही आला! मुंबईचा हिरो आहे तो, मंडळी. राज कॉमिक्स हिंदीत, निघायची दिल्लीहून, पण गोष्ट आपल्या शहरातली. कचराकुंडीत सापडलेलं मूल, दरोडेखोराने वाढवलेलं, अदरक चाचांच्या लायन जिममध्ये तयार झालेलं. तोंडावर कुत्र्याचा मुखवटा, हातात बंदूक. राज कॉमिक्सचाच दुसरा हिरो ध्रुव गुन्हेगाराला पोलिसांच्या ताब्यात देतो. डोगा तिथल्या तिथे निकाल लावतो.

मी भांडुपला डोंगराच्या बाजूला वाढलो. आमच्या गल्लीत कोण वसुली करतो हे सगळ्यांना माहीत होतं आणि तक्रार कोणी करत नव्हतं. तेव्हा डोगा वाचताना छाती भरून यायची. आता चाळिशीत वाचतो तेव्हा पोटात गोळा येतो, कारण तो ज्याला मारतो तो गुन्हेगारच असतो हे लेखकाने आधीच ठरवून दिलेलं असतं. गल्लीत तसं ठरलेलं नसतं. माझ्या ओळखीचा एक मुलगा निव्वळ चेहरा जुळला म्हणून उचलला गेला होता, दोन दिवसांनी सुटला. डोगा असता तर सुटला नसता.

तरीही मी डोगा टाकू शकत नाही. धागाकर्त्याच्या कसोटीवर तो नापास आहे, कारण गोष्ट त्याच्या बाजूची आहे. मग मी काय वाचतोय?

चौकट

@भांडुप_कमांडो, तुम्ही मनापासून लिहिलंय म्हणून पनिशरचं सांगतो, तो डोगाचा थोरला भाऊ लागतो.

पनिशर पहिल्यांदा १९७४ ला आला, 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या १२९ व्या अंकात, आणि आला तो स्पायडरमॅनला मारायला निघालेला माणूस म्हणून. लेखक गेरी कॉनवे. त्याने लिहिला तो कायदा मोडणारा, आतून मोडलेला माणूस. पुढे त्याच्या छातीवरची कवटीची खूण अमेरिकेत सैनिकांच्या आणि पोलिसांच्या गाड्यांवर चिकटली. २०१९ च्या एका अंकात ही गोष्ट थेट कथेत आली: दोन पोलीस कौतुकाने त्याला आपल्या गाडीवरची कवटी दाखवतात. तो ती फाडून टाकतो आणि सांगतो की तुम्ही शपथ घेतली आहे, आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे बघा.

म्हणजे गोष्टीला दिसत होतं. वाचकाला दिसलं नाही.

'वॉचमेन'चंही तेच. १९८६-८७ चे १२ अंक, अॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स. त्यातला रॉरशाक एकलकोंडा, मळका, जगाचा तिरस्कार करणारा. मूरने तो वाईट उदाहरण म्हणून रचला आणि लोक येऊन त्याला सांगू लागले की हा मीच आहे. त्याला त्याचा त्रासच झाला.

तेव्हा खिडकीजवळचा, "चूक गोष्टीला दिसली पाहिजे" हे अर्धंच उत्तर आहे. गोष्टीला दिसलेली चूक वाचकापर्यंत पोचवणं हे वेगळं कसब आहे, आणि ते बहुतेक वेळा शब्दांत नसून चित्रात असतं. रॉरशाक प्रत्येक चौकटीत देखणा दिसतो. मुखवट्यावरची शाई हलते, ओव्हरकोट, टोपी. चित्र त्याच्या बाजूने उभं राहिलं की शब्द हरतात. मी स्वतः चित्रं काढून पोट भरतो, म्हणून खात्रीने सांगतो.

अर्धा_चहा

@चौकट, वाखुसा (वाचनखूण साठवली).

खिडकीजवळचा

@चौकट, मान्य. माझी कसोटी अपुरी पडतेय.

पण चित्राबद्दल म्हणालात म्हणून विचारतो, 'स्ट्रेंज अॅडव्हेंचर्स' वाचलंय का? २०२० ते २१, टॉम किंग लेखक, १२ अंक. अॅडम स्ट्रेंज हा परग्रहावर युद्ध जिंकून आलेला हिरो, आत्मचरित्रावर सह्या करत फिरतोय, आणि एक माणूस रांगेत येऊन त्याला खुनी म्हणतो. मी नवव्या अंकाला थांबलो. हिरोचा इतका राग आला की पुढे जाववेना.

चौकट

वाचलंय, आणि तेच उदाहरण देणार होतो! त्यात चित्रकार दोन आहेत. पृथ्वीवरचा आजचा भाग मिच गेरड्स काढतो, चेहरे थकलेले, रंग मळके. परग्रहावरचा भूतकाळ डॉक शेनर काढतो, स्वच्छ रेघ, जुन्या कॉमिक्ससारखे उजळ रंग. एकाच पानावर दोन्ही येतात. वाचता वाचता लक्षात येतं की ती उजळ चित्रं म्हणजे अॅडमने जगाला सांगितलेली आवृत्ती. शेनरने ती इतकी सुंदर काढलीत की आपणही त्यांवर विश्वास ठेवतो, आणि मग फसल्यासारखं वाटतं. तुम्हाला नवव्या अंकाला राग आला याचा अर्थ दोघांनी काम चोख केलं. पुढचे तीन अंक वाचा. शेवट सांगत नाही.

संपादक

नवी पुस्तकं न वाचलेल्यांसाठी शेवट उघड करू नये, ही विनंती. जुन्या गोष्टींना मोकळीक आहे.

जुनाट

खिडकीजवळचा विचारतात किती अंक सहन करता. या प्रश्नावर एकदा खरोखर मतदान झालंय.

१९८८. बॅटमॅनचा दुसरा रॉबिन, जेसन टॉड. पहिला रॉबिन सर्कशीतला हसरा मुलगा होता. हा रस्त्यावरचा, तापट, उलट बोलणारा. वाचकांना आवडेना. 'अ डेथ इन द फॅमिली' ही गोष्ट आली, जोकर जेसनला पहारीने मारतो, स्फोट होतो, आणि पुढच्या अंकात तो जगावा की मरावा हे ठरवायला त्याच अंकावर दोन फोन नंबर छापले. मरावा: ५,३४३. जगावा: ५,२७१. फरक ७२ मतांचा.

मला ती गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हापासून छळते. एक पोर नावडतं आहे म्हणून ७२ मतांनी मेलं. तो नालायक होता का? बाप गुन्हेगार, आई नाही, रस्त्यावर चाकं चोरून जगणारा. बॅटमॅनला भेटतो तोच त्याच्या गाडीची चाकं चोरताना. अशा मुलाने गोड बोलावं ही अपेक्षा करणारे आपण कोण? २००५ ला लेखकांनी त्याला परत आणलं, रेड हूड म्हणून, आणि आता त्याचे चाहते पहिल्या रॉबिनच्या चाहत्यांशी तावातावाने भांडतात. पण त्या मतदानाच्या वेळी फोन उचललेल्यांना आज विचारावंसं वाटतं.

पाऊसपाणी

जुनाट, अंगावर काटा आला. मी शाळेत शिकवते, आठवी-नववीला. प्रत्येक वर्गात एक जेसन असतो आणि शिक्षकांच्या खोलीत त्याच्याबद्दल जे बोललं जातं ते मला माहीत आहे.

सातवा_डबा

अवांतर वाटेल, पण आपल्याकडे हे नवीन कुठे आहे? द्यूतात बायको पणाला लावणाऱ्याला आपण धर्मराज म्हणतो. भर सभेत द्रौपदीचा अपमान करणाऱ्या कर्णासाठी डोळे पुसतो. आज्जीने सांगितलेल्या गोष्टींत एकही हिरो धुतल्या तांदळासारखा नव्हता.

निळी_छत्री

हे पटलं, पण अर्धं. कर्णाला माफ करताना आपण बहुतेक वेळा तो सभेतला प्रसंग वगळूनच सांगतो. माफी देण्याआधी प्रसंग पूर्ण सांगायला हवा.

याच धाग्यावर मला माझं मुख्य म्हणणं मांडायचंय. नालायक असण्याची मुभा सगळ्यांना सारखी नाही.

टोनी स्टार्कच्या दारूची गोष्ट १९७९ ला आली, 'आयर्न मॅन' १२० ते १२८. ती आजही अभिजात मानतात, आणि मीही मानते. कॅरल डॅनव्हर्सही (पुढे कॅप्टन मार्व्हल झाली ती) प्यायची, १९९८ च्या सुमाराला तिला अॅव्हेंजर्स सोडावं लागलं, ती नोंद मात्र कोणाच्या यादीत नसते. २००६ च्या 'सिव्हिल वॉर'मध्ये टोनीने जुन्या मित्रांना तुरुंगात टाकलं, दोन वर्षांत 'आयर्न मॅन' सिनेमा आला आणि सगळं विसरलं गेलं. २०१६ च्या 'सिव्हिल वॉर २'मध्ये कॅरलने गुन्हा घडण्याआधीच लोकांना पकडायची बाजू घेतली. चूकच होती. पण त्यानंतर कित्येक वर्षं तिचं नाव निघालं की पहिलं तेच काढलं जातं.

मला 'एलियस'मधली जेसिका जोन्स सगळ्यात जवळची वाटते, २००१ मधली, बेंडिस आणि गेडॉस यांची. पिते, तुसडी आहे, मदत करणाऱ्यालाच बोलते. ती तशी का झाली हे पानोपानी साचत जातं आणि शेवटच्या काही अंकांत उलगडतं. मी ते नोकरी सुटल्यानंतरच्या महिन्यांत वाचलं, मुलुंडच्या घरात, दारं लावून. तेव्हा मला चांगली, हसरी नायिका सहनच झाली नसती. रद्दीकाका, तुम्हाला दिवसाच्या शेवटी कोणीतरी चांगला हवा असतो. मला तेव्हा माझ्याइतकी वाईट अवस्था असलेली आणि तरीही उठून कामाला जाणारी कोणीतरी हवी होती.

रद्दीतला_खजिना

ताई, हे वाचून थोडा वेळ काही लिहवलं नाही. बरं झालं लिहिलंत. ते पुस्तक मला मिळेल का वाचायला?

निळी_छत्री

नक्की काका. आणून देते.

स्थापत्य

चांगल्या मूडमध्ये एक नवं सुचवतो: 'अॅब्सोल्यूट बॅटमॅन'. ऑक्टोबर २०२४ पासून, स्कॉट स्नायडर आणि निक ड्रगोटा. इथला ब्रूस श्रीमंत नाही. बाप शिक्षक होता, शाळेच्या सहलीत गोळीबारात गेला. आई जिवंत आहे. आणि ब्रूस आहे सिव्हिल इंजिनीअर!

मी पुलांच्या कामावर असतो. सुपरहिरो आपल्या पेशातला आहे हे कळल्यावर बायकोला झोपेतून उठवून सांगितलं. गॉथमचे बोगदे, पाइप, खांब त्याला ठाऊक आहेत कारण ते त्याचं रोजचं काम आहे. छातीवरचं वटवाघूळ काढलं की कुऱ्हाड होते.

पण तो सहज आवडेल असा नाही. अवाढव्य, रागीट, कुऱ्हाड चालवताना मागेपुढे बघत नाही, आईपासून सगळं लपवतो. लहानपणचे मित्र वेलन, हार्वी, ऑस्वल्ड, एडवर्ड, म्हणजे दुसऱ्या गोष्टींमधले सगळे खलनायक. ते जिवाला जीव देतात आणि हा त्यांच्याशी खोटं बोलतो. जुना बॅटमॅन उद्धट वागला की मला वाटायचं, पैसा आहे, परवडतं. या ब्रूसचा उद्धटपणा कळतो. पगारदार माणूस आहे, शहर विकलं जाताना रोज बघतोय.

भांडुप_कमांडो

@स्थापत्य, लालबाग-परळला गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं ते बघत मोठे झालेल्यांना हा बॅटमॅन लगेच कळेल.

पाऊसपाणी

मी उलट उदाहरण देते. २०२४ चं 'अल्टिमेट स्पायडर-मॅन', हिकमन आणि केकेट्टो. सगळे म्हणतात हा सर्वात गोड पीटर. तिशी ओलांडलेला, बायको मेरी जेन, दोन मुलं. त्याच्या जगात त्याला कोळी चावलाच नाही, कारण कोणीतरी ते होऊ दिलं नाही. मग एक दिवस ती संधी पुन्हा समोर येते आणि तो ती घेतो. स्वतः ठरवून.

मला तिथेच त्याचा राग आला. १९६२ च्या पहिल्या गोष्टीतला पीटर पंधरा-सोळाचा, अपघाताने चावलेला. चोराला जाऊ देतो, बेनकाका मरतात, आयुष्यभर ती एक चूक फेडत राहतो. हा मात्र घरात दोन लहान मुलं झोपलेली असताना "आयुष्यात काहीतरी कमी आहे" म्हणून जीव धोक्यात घालतो. आणि गोष्ट त्याच्यावर खूश आहे. धागाकर्त्याच्या कसोटीने मला हा गोड पीटर ऑक्टोपसपेक्षा जास्त खुपतो.

सातवा_डबा

पाऊसपाणी, इथे ठाम असहमत. माझे वडील चाळिसाव्या वर्षी बँकेतली नोकरी सांभाळून नाटकात गेले. आई वैतागली, आम्ही तालमीला सोबत जायचो. काहीतरी कमी आहे असं वाटणं हा दोष नाही. घरच्यांना अंधारात ठेवणं हा दोष. तो पीटर बायकोला सांगतो.

पाऊसपाणी

सांगतो, हे खरं. करून झाल्यावर सांगतो. तुमच्या वडिलांनी आधी विचारलं होतं का?

सातवा_डबा

आईला विचारून सांगतो.

(थोड्या वेळाने) आई म्हणते नाही विचारलं. चाळीस वर्षं झाली तरी तिच्या लक्षात आहे. तुमचा मुद्दा घेतला.

अर्धा_चहा

सुटलो एकदाचा. घाटकोपरला बसायला जागा मिळाली, म्हणून सविस्तर.

सगळ्यात नालायक पोर म्हणजे डेमियन वेन. २००६, ग्रँट मॉरिसन. बॅटमॅनचा मुलगा, मारेकऱ्यांनी वाढवलेला, आल्या आल्या तेव्हाच्या रॉबिनला, टिम ड्रेकला मारायला धावतो. मी तेव्हा कॉलेजात होतो, आमचा अख्खा ग्रुप त्याच्या विरोधात होता. मग २०१२ ला एका कत्तलखान्यात मारामारी होते आणि हा दहा वर्षांचा मारेकरी जाहीर करतो की आपण आजपासून शाकाहारी, आणि तिथली एक गाय घरी घेऊन येतो. तिचं नाव बॅट-काऊ. २०१३ ला तो मेला तेव्हा मी कुर्ला स्टेशनवर उभा राहून रडलोय.

गंमत बाजूला ठेवून मुद्दा: हे व्हायला सहा-सात वर्षं लागली. महिन्याला वीस-बावीस पानं. डेमियन मला महिन्यातून एकदा भेटायचा, शेजारच्या पोरासारखा, आणि हळूहळू सवय होत गेली. 'सुपीरियर' चालू होतं तेव्हा तर पीटर परत येणार की नाही हेच माहीत नव्हतं. लोक इतके चिडले होते की लेखक डॅन स्लॉटला धमक्या आल्या. खिडकीजवळचा, तुमच्या भाच्याने ते सगळं एका दुपारी वाचलं. नालायक माणूस एका दुपारी सलग सहन करायचा म्हणजे दुरांतोत समोरच्या बर्थवर घेऊन बसण्यासारखं आहे. त्याला दिवसाला एकच अंक द्या.

चौकट

हे फार नेमकं सांगितलंत.

वेळेवरूनच एक आठवलं. १९८१, 'अॅव्हेंजर्स' २१३. हँक पिम, मूळचा अँट-मॅन, बायकोला, जॅनेटला मारतो. लेखक जिम शूटरने पुढे सांगितलं की संहितेत त्याचा वैतागून उडालेला हात चुकून लागतो असं होतं, आणि चित्रकाराने सरळ जोराची थप्पड काढली. एक चौकट. चाळीस वर्षांत अनेक लेखकांनी हँकला सुधारायचा प्रयत्न केला, आणि ती चौकट त्याच्या मागून गेली नाही. मला वाटतं जाऊही नये. डेमियनला गाय मिळाली, जेसनला दुसरा जन्म मिळाला, हँकला मिळालं नाही. काही चुका तशाच राहतात आणि तेही एखाद्या गोष्टीने दाखवलं पाहिजे.

भांडुप_कमांडो

@चौकट, मी काय वाचतोय याचं उत्तर मला बहुधा यात मिळालं. डोगात मी डोगाला वाचत नाही, तेव्हाच्या मला वाचतो. तेव्हा मला कोणीतरी मारणारा हवा होता, एवढं त्यातून कळतं. आता मोठ्या मुलीला वाचायला देताना शेजारी बसतो आणि त्या पकडून नेलेल्या मुलाची गोष्टही सांगतो.

खिडकीजवळचा

सगळ्यांचे आभार. कळवायला उशीर झाला, कारण अर्धा_चहा यांचा उपाय करून बघत होतो. रोज रात्री जेवण झाल्यावर एकच अंक. पहिला आणि पुढचे सगळे खंड कपाटात, किल्ली माझ्याकडे. पहिले चार दिवस भाच्याने तोंड वाकडं केलं. पाचव्या दिवशी जेवायच्या आधीच येऊन बसला.

काल शेवट झाला. ऑक्टोपस आपल्या प्रेयसीला, अॅना मारियाला वाचवू शकत नाही, ते पीटरच करू शकेल हे त्याला कळतं, आणि तो शरीर सोडून देतो. मला वाटलं होतं, आता हा म्हणेल की मामा, शेवटी चांगला निघाला.

म्हणाला, "मला तो अजून आवडत नाही. पण माझा राग बाकीच्यांवर आहे. अॅव्हेंजर्सनी त्याला तपासलं आणि सोडून दिलं. इतके मित्र, आणि एकट्या कार्लीने, त्याच्या पोलिसातल्या मैत्रिणीने, शोध लावला की हा पीटर नाही. मामा, मी बदललो तर तुला कळेल ना?"

मी हो म्हटलं. नंतर बराच वेळ जागा होतो.

'स्ट्रेंज अॅडव्हेंचर्स'चे उरलेले तीन अंक आज सकाळच्या गाडीत वाचले. चौकट, त्यावर वेगळा धागा काढतो, तिथे मोकळेपणी बोलू.

भाचा रविवारी परत जातोय. त्याला डोगा हवाय आणि वेताळही. रद्दीकाका, कमांडो, साडेदहाला माटुंग्याच्या जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर येता का?

भांडुप_कमांडो

येतो. डोगाचं 'कर्फ्यू' आणतो, पण ते परत हवंय, दुसरी प्रत नाही.

रद्दीतला_खजिना

मी दहालाच पोचतो. छत्रीताई, तुम्हीही या, ते जेसिकाचं घेऊन. मी परवा काढलेला वेताळ आणतोय, सिंगा चाच्यांचाच. पोराला तो न सांगता वाचायला देऊ आणि काय म्हणतो बघू.